रुब्लेव्हचा गुडघा आणि माझ्या लेकाची मांडी

रिमझिम_कोथरूड | रविवार, रात्री १०:५२

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज राहवलं नाही म्हणून धागा काढते आहे.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. आठव्या वर्षापासून टेनिस खेळतो, आता १४ वर्षांखालच्या स्पर्धांना जातो. गेल्या आठवड्यात त्याची मॅच होती. दुसऱ्या सेटमध्ये ४-१ ने पुढे होता, तिथून ४-५ झालं. सर्व्हिस त्याचीच होती आणि लागोपाठ दोन डबल फॉल्ट (सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकणं) झाले. तो मागच्या हिरव्या पडद्याकडे तोंड करून उभा राहिला आणि मला नुसता आवाज ऐकू आला. टप्, टप्, टप्. बुटाला चिकटलेली माती झाडायला आपटतात तसा. मी तेवढ्यावरच सोडून दिलं.

रात्री आंघोळ करून बाहेर आला तेव्हा उजव्या मांडीवर तीन निळे पट्टे दिसले. रॅकेटच्या फ्रेमची कड जेवढी जाड असते, बरोबर तेवढेच जाड. शेजारी दोन जुने होते, पिवळे पडत आलेले. म्हणजे हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं.

मी विचारलं तर म्हणाला, "आई, काही नाही गं. रुब्लेव्ह पण करतो. त्याने काय वाईट होतं? तो टॉप टेनमध्ये होता ना."

रुब्लेव्ह म्हणजे रशियाचा टेनिसपटू. तो रागात रॅकेटने स्वतःलाच मारतो, ते व्हिडिओ मीही पाहिले आहेत. खरं सांगायचं तर आम्ही घरात सगळ्यांनी मिळून, जेवताना पाहिले आहेत. "बापरे, किती तापट आहे" असं म्हणून पुढे गेलो.

तर मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, कोर्टवर दिसतो तो राग म्हणजे नुसता राग असतो, की आत काही दुखत असतं? आणि दुसरं, हे पाहत मोठी होणारी आमची मुलं यातून काय उचलतात? जे खेळलेत, ज्यांची मुलं खेळतात, ज्यांना मनाच्या आजारांची माहिती आहे, सगळ्यांनी लिहा.

---

नेटकॉर्ड | रविवार, रात्री ११:३१

ताई, आधी मुलाला जवळ घ्या. बाकी सगळं नंतर.

रुब्लेव्हचा चाहता म्हणून लिहितो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुरिनला एटीपी फायनल्समध्ये अल्कराझकडून हरताना त्याने रॅकेटने स्वतःचा गुडघा इतका बडवला की रक्त आलं. मी लाइव्ह पाहत होतो. चेंजओव्हरला, म्हणजे बाजू बदलतानाच्या विश्रांतीत, तो खुर्चीत बसला तेव्हाही त्या गुडघ्यावर लाल रेघा दिसत होत्या. त्याने खाली वाकून पाहिलंही नाही. २०२४ च्या विम्बल्डनला पहिल्याच फेरीत कोमेसान्याकडून हरला, तिथे पुन्हा तोच गुडघा. नंतर त्याने स्वतःच सांगितलं की विम्बल्डनच्या सुमारास त्याची अवस्था सगळ्यात वाईट होती. नैराश्यावरची औषधं घेत होता, फरक वाटेना म्हणून सोडली, आणि मग मारात साफिनशी बसून बोलला तेव्हा जरा उजेड दिसला. २०२५ मध्ये साफिन त्याच्या टीममध्येच आला.

साफिन म्हणजे तोच, २००० साली सॅम्प्रसला यूएस ओपनच्या फायनलमध्ये धुणारा. त्याच्याच सांगण्यानुसार कारकिर्दीत हजाराहून जास्त रॅकेटी मोडल्या. रुब्लेव्हला समजून घेणारा माणूस कुठून आला बघा.

हाच रुब्लेव्ह फेब्रुवारी २०२२ मध्ये दुबईत जिंकल्यावर कॅमेऱ्याच्या काचेवर 'कृपा करून युद्ध नको' असं लिहून गेला होता. त्यावेळी रशियन खेळाडूने हे लिहिणं म्हणजे काय हे सांगायला नको. इतका हळवा माणूस आहे तो. म्हणूनच मला ते व्हिडिओ बघवत नाहीत.

---

भाऊ_डोंबिवली | सोमवार, सकाळी ७:१०

थोडा वेगळा सूर लावतो, रागावू नका.

मुलाची काळजी समजते. पण प्रोफेशनल खेळाडूंच्या प्रत्येक आदळआपटीला 'मानसिक आरोग्य' म्हणायचं हे मला पटत नाही. जर्मनीच्या झ्वेरेव्हने २०२२ ला मेक्सिकोतल्या अकापुल्कोत डबल्स हरल्यावर अंपायरच्या खुर्चीवर रॅकेट हाणली. अंपायर वर बसलेला होता, त्याचे पाय थोडक्यात वाचले. स्पर्धेतून काढलं, ४०,००० डॉलर दंड झाला. तो माणूस तिथे नोकरी करत होता. त्याच्या मानसिक आरोग्याचं काय?

मी ३१ वर्षं लोकलने जातोय. राग मलाही येतो. मी कुणाच्या पायावर काही मारत नाही.

---

मध्यमा | सोमवार, सकाळी ९:०२

भाऊ, अंपायरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

पण झ्वेरेव्हचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. २०२५ च्या विम्बल्डनला पहिल्या फेरीत रिंडरक्नेशकडून पाच सेटमध्ये हरल्यावर तोच माणूस पत्रकारांसमोर बसून म्हणाला की मला फार एकटं वाटतं, आत पोकळी वाटते, जिंकलो तरी आनंद होत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच थेरपीची गरज असावी असं वाटतंय. तोच माणूस, मधे तीन वर्षं. खुर्चीवर मारणं चूकच होतं, शिक्षाही योग्यच. पण माझ्या मनात येतं, २०२२ ला दंडाबरोबर कुणी त्याला "बाबा, तुला झालंय काय?" असं विचारलं असेल का?

---

खडूस_काका | सोमवार, सकाळी ९:४०

आमच्या वेळी एक लाकडी रॅकेट तीन भावंडांत होती. मोडली असती तर आईने आम्हाला मोडलं असतं. त्यामुळे आम्ही सगळे अत्यंत शांत खेळाडू.

ताई, मुलाला माझा आशीर्वाद सांगा. ४-१ वरून हरणं मी पण भोगलंय, ती रात्र लांब असते.

---

मनडॉक्टर | सोमवार, दुपारी १:२५

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, १७ वर्षं प्रॅक्टिस. कुठल्याही खेळाडूचं निदान टीव्हीवरून करणार नाही, तसं करूही नये. पण रिमझिमताईंच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देता येईल.

राग हा बऱ्याचदा झाकण असतो. खाली भीती असते, लाज असते, थकवा असतो. पुरुषांना आणि मुलग्यांना रडण्यापेक्षा चिडण्याची परवानगी जास्त मिळते, म्हणून त्यांच्या बाबतीत हे झाकण फार घट्ट बसतं. रॅकेट जमिनीवर आपटणं आणि स्वतःच्या अंगावर मारणं या दोन गोष्टी मी वेगळ्या धरते. दुसरीत माणूस स्वतःला शिक्षा देत असतो. "मी वाईट खेळलो, मला दुखायलाच हवं." कधी कधी शरीराच्या दुखण्याने मनातला गोंधळ क्षणभर थांबतो आणि तेवढ्यासाठी ते पुन्हा पुन्हा करावंसं वाटतं. पिवळे पडलेले जुने वळ होते असं ताईंनी लिहिलंय, माझं लक्ष तिथे जास्त गेलं.

"राग बाहेर काढला की बरं वाटतं" ही समजूत सगळीकडे आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. चिडवलेल्या लोकांना, ज्याने चिडवलं त्याला आठवत पंचिंग बॅग बडवायला दिली, तर ते शांत होण्याऐवजी जास्त भडकले. नुसते गप्प बसलेले लोक त्यांच्यापेक्षा निवळले. म्हणजे आपटून राग 'निघून' जात नाही, त्याची सवय लागते.

ताई, तुमच्यासाठी: ओरडू नका, रॅकेट काढून घेऊ नका, "परत केलंस तर टेनिस बंद" असं तर मुळीच म्हणू नका. तो फक्त लपवायला शिकेल. शांत वेळी सरळ विचारा, "तू स्वतःला मारतोस तेव्हा मनात काय चालू असतं?" सरळ विचारल्याने मुलांच्या डोक्यात काही नवीन घुसत नाही, उलट त्यांना हायसं वाटतं. कोर्टाबाहेरही असं करतो का, झोप, जेवण, शाळा, मित्र यांत काही बदललंय का, हे बघा. आणि एकदा बालमानसतज्ज्ञाला दाखवाच. अधेमधे कधीही, रात्रीसुद्धा, सरकारच्या टेली-मानसवर १४४१६ ला फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

नेटकॉर्ड यांनी औषधं सोडल्याचं लिहिलंय म्हणून हेही लिहिते. रुब्लेव्हचं त्याच्यापाशी. पण ही औषधं कुणीही आपल्या मनाने थांबवू नका. लागू पडत नसतील तर डॉक्टरला सांगा, बदलता येतात, मात्रा कमी-जास्त करता येते.

---

रिमझिम_कोथरूड | सोमवार, दुपारी २:०८

डॉक्टर, मनापासून आभार. ऑफिसात बसून वाचतेय, डोळे भरून आले. संध्याकाळी बोलते त्याच्याशी.

---

फोरहँड_फणस | सोमवार, दुपारी ३:१५

फेडररचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही?

आज आपण ज्याला शांतीचा पुतळा म्हणतो तो लहानपणी महातापट होता. रॅकेटी फेकायचा, रडायचा. किशोरवयात क्रीडामानसशास्त्रज्ञाची मदत घेतली होती त्याने. २००१ ला हॅम्बुर्गला स्क्विलारीकडून हरल्यावर रॅकेट मोडली आणि तिथे स्वतःशी ठरवलं की आता पुरे. तरी २००९ ला मायामीत जोकोविचसमोर एक मोडलीच.

स्वीडनचा बोर्गही तसाच. बाराएक वर्षांचा असताना वागणुकीपायी क्लबने सहा महिने बंदी घातली होती. त्यानंतर त्याने तोंडच शिवलं म्हणा ना. पाच विम्बल्डन लागोपाठ जिंकला, १९७६ ते १९८०, चेहऱ्यावर रेघ हलली नाही. आणि २६ व्या वर्षी टेनिस सोडून दिलं.

हा बोर्ग मला कोड्यात टाकतो. त्याचा प्रतिस्पर्धी मॅकेन्रो ओरडत राहिला आणि टिकला. बोर्ग गप्प राहिला आणि संपला. मग शांत चेहरा म्हणजे शांत मन असं कसं म्हणायचं?

---

भाऊ_डोंबिवली | सोमवार, संध्याकाळी ६:५०

मॅकेन्रोचं कौतुक नको. १९८१ ला विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत त्याने 'You cannot be serious!' म्हणत अंपायरवर तोंड टाकलं आणि आज ते वाक्य लोक टी-शर्टवर छापतात. १९९० ला ऑस्ट्रेलियन ओपनमधून बाहेर काढला तेव्हा म्हणे त्याला नियम बदलल्याचं माहीत नव्हतं. बाहेर काढण्यापर्यंत आधी शिक्षेच्या चार पायऱ्या होत्या, तेव्हा तीन झाल्या होत्या. तो मोजून शिव्या देत होता, म्हणजे त्याला कळत होतं. जो मोजू शकतो तो थांबूही शकतो.

---

फोरहँड_फणस | सोमवार, संध्याकाळी ७:०५

हा मुद्दा बिनतोड आहे भाऊ. मान्य.

---

टॉवेलवाला | सोमवार, रात्री ९:३३

मी शाळेत असताना बालेवाडीला बॉलबॉय होतो, दोन-तीन स्पर्धांना. टीव्हीवर दिसत नाही ते तीन फुटांवरून पाहिलंय, म्हणून लिहितो.

एका मॅचला एक परदेशी खेळाडू होता, नाव सांगत नाही. पात्रता फेरीतून आलेला, सोबत ना कोच, ना फिजिओ. बॅग स्वतःच ओढत आणायचा. पहिला सेट टायब्रेकमध्ये गेला. चेंजओव्हरला मी मागे छत्री धरून उभा होतो. त्याने टॉवेल डोक्यावरून घेतला, पूर्ण, नववधूच्या पदरासारखा. आतून त्याचा आवाज येत होता. एकच शब्द सारखा म्हणत होता, त्याच्या भाषेत, मला कळला नाही. डावा पाय इतका हलत होता की खुर्चीखालची पाण्याची बाटली थडथडत होती. केळं सोललं, एक घास घेतला आणि तो चघळायचाच विसरला. तसाच तोंडात धरून बसला. अंपायरने वेळ झाल्याचं सांगितलं, तो उठला, घास टॉवेलमध्ये थुंकला, आणि टॉवेल माझ्या अंगावर फेकला. जोरात.

मला तेव्हा भयंकर अपमान वाटला. घरी येऊन रडलो. आई म्हणाली, "उद्या जाऊ नकोस." पण मी गेलो. दुसऱ्या दिवशी तो हरलेला माणूस लॉकररूमच्या बाहेर पायरीवर बसला होता, फोनवर विमानाची तिकिटं शोधत. मला ओळखलं, उठला, आणि स्वतःच्या हातातला रिस्टबँड काढून दिला. बोलला काहीच नाही.

भाऊ, तुम्ही म्हणता तेही खरं आहे. टॉवेल माझ्याच अंगावर आला होता. पण तो थरथरणारा पायही मीच पाहिला होता.

---

मध्यमा | सोमवार, रात्री ९:५१

टॉवेलवाला, काय लिहिलंयत. धाग्याची वाचनखूण साठवली.

---

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:४०

वरच्या प्रतिसादातली "सोबत ना कोच, ना फिजिओ" ही ओळ फार महत्त्वाची आहे. पैशाबद्दल बोलूया.

टेनिसचं साधं गणित बघा. विम्बल्डनसारख्या मोठ्या (ग्रँड स्लॅम) स्पर्धेत एकेरीला १२८ जण. दोन आठवड्यांनी १२७ जण हरलेले असतात. छोट्या स्पर्धेत ३२ पैकी ३१. म्हणजे जगातले उत्तमोत्तम खेळाडूही जवळजवळ प्रत्येक आठवडा हरून संपवतात, आणि सोमवारी दुसऱ्या देशात पुन्हा शून्यापासून. टीममध्ये असाल तर निवड झाल्यावर मानधन असतं, इथे पहिल्या फेरीत हरलात की त्या आठवड्याचा विमानखर्चही निघेल याची खात्री नाही.

आपला सुमित नागल. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने सांगितलं की बँकेत ९०० युरो उरलेत. तेव्हा तो भारताचा एकेरीतला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता! चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनला त्याने बुब्लिकला हरवलं. पण त्या ९०० युरोंच्या दिवसांत एखादा ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकायची संधी) हुकला असेल तेव्हा तो नुसता एक पॉइंट नसणार, पुढच्या महिन्याचं भाडं असणार. असल्या मॅचमध्ये राग आला नाही तरच नवल.

दक्षिण कोरियाच्या क्वोन सून-वूचंही आठवा. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत क्रमवारीत खूप खाली असलेल्या थाई खेळाडूकडून हरला, रॅकेटीचा चुरा केला, हस्तांदोलनही केलं नाही. सगळीकडून टीका झाली. ती योग्यच होती, त्याने जाऊन माफी मागितली, हाताने पत्र लिहिलं. पण सुवर्णपदक मिळालं असतं तर कोरियातल्या सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली असती. ऐन पंचविशीतल्या टेनिसपटूची दीड वर्षं त्या मॅचवर टांगलेली होती.

---

सिडनीची_सई | मंगळवार, पहाटे ४:२०

इकडे ऑस्ट्रेलियाच्या टेनिसपटू किरियॉसवरून घराघरांत भांडणं होतात, आमच्याकडेही. नवऱ्याला तो अजिबात आवडत नाही.

२०१९ ला सिनसिनाटीत त्याने खाचानोव्हविरुद्ध मॅच चालू असताना बाहेर जाऊन दोन रॅकेटी मोडल्या, अंपायरला वाट्टेल ते बोलला, १,१३,००० डॉलर दंड झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यानेच २०१९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमधला स्वतःचा फोटो टाकून लिहिलं की माझ्या उजव्या हाताकडे नीट बघा, स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसतील. त्या काळात तो खोल नैराश्यात होता. २०१९ च्याच विम्बल्डनला नदालकडून हरल्यावर लंडनमध्ये मनोरुग्णांच्या वॉर्डात दाखल झाला होता, हेही त्याने पुढे सांगितलं.

तो फोटो हजारो लोकांनी आधी पाहिलेला होता. मीही. हात तेव्हाही समोरच होता.

रिमझिम, तू वळ पाहिलेस आणि विचारलंस. तू वेळेवर पाहिलंस गं. बाकी काही मनाला लावून घेऊ नकोस.

---

भाऊ_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ७:१८

टॉवेलवाला यांचा प्रतिसाद ट्रेनमध्ये दोनदा वाचला. मी मऊ झालोय असं समजा हवं तर. पण माझा मुद्दा सोडत नाही, कारण तो कुणीच उचलत नाहीये.

२०१७ ला डेव्हिस कपमध्ये कॅनडाच्या शापोवालोव्हने रागात चेंडू मारला, तो अंपायरच्या डोळ्यावर बसला. हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. शापोवालोव्ह १७ वर्षांचा होता, त्याने माफी मागितली, मला त्याचीही कणव येते. २०२० च्या यूएस ओपनला जोकोविचचा चेंडू लाइन जज बाईंच्या गळ्याला लागला. तो हेतूने मारलेला नव्हता, तरी त्याला स्पर्धेतून काढलं आणि ते योग्य झालं. पण त्यानंतर लोकांनी इंटरनेटवर त्या बाईंनाच धारेवर धरलं. शेवटी जोकोविचला सांगावं लागलं की त्यांना त्रास देऊ नका, आधार द्या.

खेळाडूच्या मनाची काळजी घ्या, माझी हरकत नाही. त्याच श्वासात त्या बाईंचीही घ्या.

---

मनडॉक्टर | मंगळवार, सकाळी १०:०५

भाऊ, पूर्ण अनुमोदन. आजार असणं ही वागण्याची सूट नाही. माझे रुग्णही हे मान्य करतात. किंबहुना "तुझ्या वागण्याची जबाबदारी तुझीच आहे, आणि ती पेलायला आम्ही मदत करू" हे वाक्य ऐकून बहुतेकांना बळ येतं.

---

ओसाकाप्रेमी | मंगळवार, सकाळी ११:४५

बायकांच्या रागाबद्दल कुणीच बोललं नाही अजून. २०१८ ची यूएस ओपन फायनल. सेरेनाला कोचिंगची (मॅच चालू असताना कोचकडून सल्ला घेण्याची) ताकीद, मग रॅकेट मोडल्याबद्दल एक पॉइंट, मग अंपायर रामोसना 'चोर' म्हटल्याबद्दल अख्खा गेम गेला. १७,००० डॉलर दंड. पुरुष याहून वाईट बोलून सुटतात असं तेव्हा बऱ्याच खेळाडूंनी म्हटलं होतं आणि मला ते पटतं.

---

नेटकॉर्ड | मंगळवार, दुपारी १२:२०

नम्रपणे असहमत. कोचिंग होत होतं हे तिच्या कोचने स्वतःच मॅचनंतर मान्य केलं. पहिली ताकीद नियमाप्रमाणेच होती.

---

ओसाकाप्रेमी | मंगळवार, दुपारी १२:५८

नियमाप्रमाणे असेलही. मला सांगायचं ते पुढचं आहे. त्या दिवशी २० वर्षांची नाओमी ओसाका पहिलं ग्रँड स्लॅम जिंकली आणि बक्षीस समारंभात प्रेक्षक हुर्यो करत होते. ती टोपी डोळ्यांवर ओढून रडली, जिंकल्याबद्दल माफी मागितल्यासारखं बोलली. पुढे २०२१ ला फ्रेंच ओपनमध्ये पत्रकार परिषदेला गेली नाही म्हणून १५,००० डॉलर दंड केला, तेव्हा तिने माघार घेतली आणि लिहिलं की २०१८ च्या यूएस ओपनपासून आपल्याला नैराश्याचे झटके येत आहेत.

त्या फायनलमध्ये ओसाकाने आवाज चढवला नव्हता, काही मोडलं नव्हतं. जिने काहीच आदळलं नाही तिच्याही मनावर त्या संध्याकाळचं ओझं राहिलंच. म्हणून म्हणते, फक्त रॅकेट मोडणाऱ्यांकडे बघून भागणार नाही.

---

फोरहँड_फणस | मंगळवार, दुपारी १:१०

हेच मला बोर्गबद्दल म्हणायचं होतं, मला नीट सांगता आलं नाही. धन्यवाद.

---

गल्लीक्रिकेट | मंगळवार, दुपारी ३:३०

अवांतर: क्रिकेटमध्ये मॅक्सवेलने २०१९ ला मन थकलंय म्हणून सुट्टी घेतली, कोहलीने २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यातल्या निराशेबद्दल नंतर सांगितलं. पण क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झालात तर ड्रेसिंग रूममध्ये कुणीतरी पाठीवर हात ठेवतं. टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मधे २५ सेकंद, आणि तेवढ्या वेळात तुम्हीच बॅट्समन, तुम्हीच कॅप्टन, तुम्हीच फिजिओ.

---

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ४:०२

@गल्लीक्रिकेट, त्यात थोडा बदल झालाय. १ जानेवारी २०२५ पासून स्टँडमधून कोचने सल्ला देण्याला नियमातच परवानगी मिळाली. आधी बरीच वर्षं तो गुन्हा होता! दुसरा बदल म्हणजे लाइन जज जात चाललेत. विम्बल्डननेही २०२५ पासून मशीनवर भरवसा ठेवला. भाऊंच्या दृष्टीने हे बरंच झालं, माणसांना चेंडू लागणार नाहीत. पण ज्याच्यावर ओरडायचं तो माणूसच गेला की राग कुठे जातो? मला वाटतं तो आपल्या बॉक्सकडे, म्हणजे स्टँडमधल्या आपल्या माणसांकडे जातो, कोचवर, वडिलांवर, बायकोवर. नाहीतर गुडघ्यावर.

आणि मॅच संपली तरी सुटका नाही. डब्ल्यूटीए (महिला टेनिसची संघटना) आणि आयटीएफने (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने) जून २०२५ मध्ये आकडे दिले: २०२४ या एका वर्षात ४५८ खेळाडूंना मिळून सुमारे ८,००० शिवीगाळीचे, धमक्यांचे संदेश. त्यांतले ४० टक्के पैज हरलेल्या जुगाऱ्यांचे. टायब्रेक हरून हॉटेलवर यायचं, फोन उघडायचा, आणि कुणीतरी तुमच्या आईच्या मरणाची इच्छा करत असतो.

---

कोल्हापुरी_पप्पा | मंगळवार, रात्री ८:४४

माझी मुलगी टेनिस सोडून आता दोन वर्षं झाली. हा धागा वाचून पहिल्यांदाच लिहितोय याबद्दल.

ती अकराव्या वर्षी जिल्ह्यात चांगली खेळायची. जिथे शिकायला पाठवायचो तिथे हरून आलेल्या मुलांना सगळ्यांसमोर उभं करून चुका वाचून दाखवायचे. मला तेव्हा वाटायचं, शिस्त आहे, चांगलं आहे. मीही गाडीत बसल्या बसल्या सुरू व्हायचो. "तो बॅकहँड का सोडलास? पाय का हलत नव्हते?" कोल्हापूर ते सांगली पन्नास किलोमीटर. ती खिडकीकडे तोंड करून बसायची आणि मनगटावरचा रबरबँड ओढून सोडायची. चट, चट. मला वाटायचं चाळा आहे. आज रिमझिमताईंचं 'टप्, टप्, टप्' वाचलं आणि अंगावर काटा आला.

ती आज बरी आहे. चित्रं काढते, हसते. मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, "पप्पा, मला टेनिस आवडायचं. गाडी नाही आवडायची."

---

सिडनीची_सई | मंगळवार, रात्री ९:००

🙏

---

खडूस_काका | मंगळवार, रात्री ९:१२

पप्पा, तुम्ही माफी मागितलीत. आमच्या पिढीत कुणी मागितली नाही. मोठं काम केलंत.

---

नेटकॉर्ड | मंगळवार, रात्री १०:१५

थोडं आशेचंही लिहूया, मुलगा हा धागा कधी वाचेल म्हणून.

अमेरिकेच्या अमांडा अनिसिमोव्हाने मे २०२३ मध्ये मन जळून गेलंय म्हणून रॅकेट ठेवून दिली. लोक म्हणाले संपली. २०२५ ला ती विम्बल्डनच्या फायनलला पोचली, तिथे पोलंडच्या श्व्यांतेककडून ६-०, ६-० अशी हरली. अख्ख्या जगासमोर! मला वाटलं आता ही पुन्हा खचणार. दोनच महिन्यांत यूएस ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत तिने त्याच श्व्यांतेकला हरवलं आणि फायनल गाठली.

आणि ती श्व्यांतेकसुद्धा. २०१९ पासून क्रीडामानसशास्त्रज्ञ दारिया अब्रामोविच तिच्या टीममध्ये आहेत. जशी फिजिओ, तशीच मनाची डॉक्टर बॉक्समध्ये बसलेली असते. तिने कधी लपवलं नाही. मुलाला हे दाखवा ताई, रुब्लेव्हच्या व्हिडिओबरोबर.

---

रिमझिम_कोथरूड | गुरुवार, रात्री ११:२०

सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा-तीनदा. उत्तर द्यायला उशीर झाला कारण बोलायला धीर गोळा करावा लागला.

काल त्याला क्लासवरून स्कूटरवर आणताना विषय काढला. समोरासमोर नसलं की तो बोलतो, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं विचारलं. म्हात्रे पुलापर्यंत काही बोलला नाही. मग पाठीमागून म्हणाला, "डोक्यात आवाज असतो. तू फुकट आहेस, आईबाबांचे पैसे वाया घालवतोस. मारलं की तो थांबतो. पण लगेच परत येतो."

पैसे. आम्ही त्याच्यासमोर हिशेब करतो, स्पर्धेची फी, गटिंग (रॅकेटच्या तारा), बूट, प्रवास. त्याला कळतंय हे आम्हाला कळलं नाही. हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद वाचताना मला नागल दिसत होता, आता माझाच मुलगा दिसतो.

मी स्कूटर बाजूला घेतली. काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोघंही रडलो. नंतर त्याला रुब्लेव्हने साफिनबद्दल सांगितलेलं सगळं वाचून दाखवलं. त्याला हे माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "व्हिडिओमध्ये हे नव्हतं."

शनिवारी बालमानसतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. नवराही येणार आहे. डॉक्टर, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने बघा.

आणि रविवारी सकाळी ८ ला मॅच आहे. रद्द करू का विचारलं तर म्हणाला खेळायचंय. फक्त मी गॅलरीत बसायचं नाही, असं ठरलंय. "तू दिसलीस की मला स्कोअर आठवतो." मी बाहेर गाडीपाशी थांबेन.

---

मनडॉक्टर | गुरुवार, रात्री ११:४१

व्यनि बघते. त्याने शब्दांत सांगितलं, ही फार मोठी गोष्ट आहे ताई. शनिवारी त्याला आत काही वेळ एकट्याने बोलू द्या.

---

भाऊ_डोंबिवली | शुक्रवार, सकाळी ७:१५

ताई, पोराला सांगा डोंबिवलीचे एक काका म्हणालेत, आईबाबांचे पैसे वाया जात नसतात. माझा मुलगा तबला शिकला आठ वर्षं, आता बँकेत आहे. गणपतीत वाजवतो तेव्हा माझे सगळे पैसे वसूल होतात.

---

कोल्हापुरी_पप्पा | शुक्रवार, सकाळी ८:०२

मॅचनंतर गाडीत गाणी लावा.

---

टॉवेलवाला | शुक्रवार, सकाळी ९:२०

मॅच बालेवाडीला आहे का? असेल तर सांगा, मी जवळच राहतो. तुम्ही गाडीपाशी एकट्या थांबणार असाल तर मी आणि बायको थर्मासमधून चहा घेऊन येतो. तो रिस्टबँड अजून आहे माझ्याकडे, मुलाला बघायचा असेल तर तोही आणतो.